पॉडकास्टचे आकडे चार ठिकाणी चार! मंडळाला कोणता सांगू?

वाडीतली_बाई

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, वाडी भागात राहते आणि गुजराती माध्यमाच्या शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. आमच्याकडची मराठी मुलं कशी असतात ते इथल्यांना माहीतच आहे. घरात मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, मित्रांत हिंदी. मराठी कळतं सगळं, पण पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या पानावर जांभई. म्हटलं वाचत नाहीत तर निदान ऐकू देत. म्हणून बडोदा संस्थानाच्या इतिहासावर छोटा पॉडकास्ट सुरू केला. पाचवी ते नववीची मुलं डोळ्यांसमोर ठेवून, बारा-चौदा मिनिटांचा एक भाग, दर शनिवारी. रेकॉर्डिंग कोठीच्या खोलीत, गाद्यांच्या चळतीसमोर बसून. तिथे आवाज घुमत नाही.

आतापर्यंतचे भाग: 1862ची डभोई-मियागाम रेल्वे (सुरुवातीला डबे बैल ओढायचे, हे मुलांना फार आवडतं), आजव्याचं धरण आणि नळाचं पाणी, सक्तीचं मोफत शिक्षण (1893 मध्ये अमरेलीत प्रयोग आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात), आणि सयाजीरावांनी अमेरिकेहून आणलेले ग्रंथपाल बोर्डन व त्यांची ग्रंथालयं.

आता अडचण. इथल्या एका मंडळाने विचारलंय की माइकचा आणि एडिटिंगचा खर्च आम्ही उचलू, पण कार्यकारिणीपुढे मांडायला श्रोत्यांचा एक आकडा द्या. एक! आणि माझ्याकडे ही भेळ आहे:

ग्रंथालयाच्या भागाला होस्टिंगच्या (म्हणजे जिथे ऑडिओच्या फाइली ठेवल्यात त्या सेवेच्या) पानावर 143 डाउनलोड. स्पॉटिफायवर त्याच भागाला 58 स्ट्रीम. अ‍ॅपलवर 11 श्रोते. आणि यूट्यूबवर चॅनेलचे नऊशेच्या वर व्ह्यू.

पहिल्या भागाला होस्टिंगवर 260 होते, म्हणजे उतरती कळा लागलीय. शहरांच्या यादीत मुंबई पहिली, मग अहमदाबाद, मग अ‍ॅशबर्न नावाचं कुठलंतरी गाव, आणि बडोदा चौथ्या नंबरावर! माझ्या ओळखीचे सगळे तर इथलेच. वयाच्या आलेखात 35 ते 44 सगळ्यांत जास्त, त्याखाली साठीच्या पुढचे, आणि 17च्या आतलं जवळजवळ कोणीच नाही. त्यातही पुरुष जास्त. मी करतेय मुलांसाठी आणि ऐकतायत त्यांचे बाप?

कोणी नीट समजावून सांगेल का? गणित माझं बरं आहे, पण हे गणित वाटत नाही.

लीलो_चेवडो

अभिनंदन ताई! अ‍ॅशबर्नला आपल्या चरोतरच्या कोणाचं तरी मोटेल असणार. रात्रपाळीला बसून बैलांची रेल्वे ऐकतोय बिचारा.

बाकी मला काही कळत नाही, पण धागा वाचतोय.

रावपुऱ्याचा_साउंडवाला

चेवडोभाई, मोटेल नाही. अ‍ॅशबर्न अमेरिकेत व्हर्जिनियात आहे आणि तिथे डेटा सेंटरांची नुसती गर्दी आहे. पॉडकास्टच्या फाइली चाळत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, तिथल्या यंत्रांवरून येतात. चांगलं होस्टिंग त्यातले बरेच गाळतं, तरी थोडे निसटतात. ताई, अ‍ॅशबर्न दिसलं की ते आकड्यांतून वजा करायचं आणि पुढे जायचं.

माझं रोजचं काम हेच आहे. छोट्या संस्थांचे ऑडिओ कापणं, चढवणं आणि महिनाअखेरीला त्यांना आकडे समजावणं. तिसऱ्या कामात सगळ्यांत जास्त डोकं जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

चारही आकड्यांची बेरीज कुठे लिहिली असेल तर आधी ती खोडा. प्रत्येकजण वेगळी वस्तू मोजतोय.

होस्टिंगचे 143 म्हणजे फाइल किती वेळा मागितली गेली. तुमची एमपीथ्री सर्व्हरवर पडलेली असते. अ‍ॅप येतं, मागतं, सर्व्हर देतो. त्याचं काम तिथे संपलं. पुढे त्या माणसाने भांडी घासता घासता ती शेवटपर्यंत ऐकली की ती फोनमध्ये तशीच पडून राहिली, हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. मोजायचे नियम आयएबी नावाच्या संस्थेने घातलेत आणि बहुतेक मोठी होस्टिंग ते पाळतात. किमान एक मिनिटाचा ऑडिओ उतरलेला हवा. शिवाय एकाच आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), एकाच तऱ्हेच्या फोन-अ‍ॅपने चोवीस तासांत कितीदाही मागणी आली तरी ती एकच धरायची. ही आयएबी जाहिरातवाल्यांची संस्था आहे, हे ध्यानात असू द्या. साबणवाल्याला जे हवं ते त्यांनी मोजलं. मास्तरणीला जे हवं ते मोजायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

त्यामुळे तुमचा आकडा एकीकडे फुगतो आणि दुसरीकडे आटतो. फुगतो कारण काही अ‍ॅप नवा भाग आला की आपणहून उतरवून ठेवतात, ऐका नाहीतर नका ऐकू. 2023च्या सप्टेंबरात आयफोनची नवी सिस्टिम आली, तेव्हा अ‍ॅपलने या आपोआप उतरवण्याला लगाम घातला आणि मोठमोठ्या पॉडकास्टांचे डाउनलोड एकदम खाली आले. ऐकणारे तेवढेच होते. आटतो कारण तुम्ही वर्गात स्पीकरवर भाग लावला, चाळीस पोरांनी ऐकला, तर सर्व्हरच्या लेखी ते एक डाउनलोड. शाळेच्या वायफायवर दहा शिक्षकांनी एकाच मॉडेलच्या फोनवर, एकाच अ‍ॅपमध्ये ऐकला तर तोही एकच धरला जाऊ शकतो. मोबाइल डेटावरही तीच गत, कारण कंपन्या एका आयपी पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात.

शहरांचा घोळही तिथलाच. शहर ओळखतात आयपीवरून, आणि मोबाइलचा आयपी बऱ्याचदा कंपनीची वाहतूक जिथून बाहेर पडते तिथला दिसतो. तुमच्या शेजारणीने बडोद्यातल्या मांडवीत उभं राहून ऐकलं तरी ती मुंबईकर ठरू शकते. घरच्या ब्रॉडबँडवर जरा बरं असतं. थोडक्यात, मोबाइलच्या बाबतीत शहर म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. देश मात्र सहसा बरोबर येतो.

स्पॉटिफायचे 58 त्याहून भरवशाचे. तिथे अ‍ॅप त्यांचं, माणूस लॉगिन केलेला, म्हणून ऐकलं की नाही ते त्यांना दिसतं. किमान 60 सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम. पण तो एकच अ‍ॅपचा आकडा, बाकीच्या जगाचा नाही.

अ‍ॅपलचे 11 बघून खट्टू होऊ नका. आपल्याकडे आयफोन किती जणांकडे? तिथे एक उपयोगाची गोष्ट आहे, 'एंगेज्ड लिसनर'. एका बैठकीत भागाचा 40 टक्के हिस्सा किंवा 20 मिनिटं ऐकलेला तो एंगेज्ड. तुमच्या चौदा मिनिटांच्या भागात साडेपाच मिनिटांच्या थोडं वर झालं की माणूस त्यात बसतो. मात्र अकरा जणांत टक्केवारी काढायची नाही. एकाला सर्दी झाली की नऊ टक्के घसरण!

यूट्यूबचे नऊशे मला संशयास्पद वाटतात. शॉर्ट, म्हणजे ते छोटे उभे व्हिडिओ, टाकलेत का तुम्ही? 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात, किती वेळ पाहिला याची अटच नाही. बोटाने वर सरकवत जाणारा प्रत्येकजण तुमचा प्रेक्षक. शॉर्ट वेगळे काढा आणि पूर्ण भागांचे किती उरतात ते सांगा.

वयाचं उत्तर तर तुमच्याच घरात मिळेल. स्पॉटिफाय वय आणि लिंग घेतं ते खातं उघडताना भरलेल्या माहितीवरून. सहावीतल्या पोराचं स्वतःचं खातं कुठे असतं? बापाचा फोन, बापाचं खातं, बापाची जन्मतारीख. 35 ते 44 पुरुष म्हणजे तुमची पोरं असण्याचा बराच संभव आहे. आणि साठीच्या पुढचे म्हणजे आजी-आजोबांचा फोन, कधी स्वतः आजोबा, कधी मांडीवरचा नातू.

पहिल्या भागाचे 260 विसरा. पहिला भाग नातेवाईक उघडतात. मावशा, जुने विद्यार्थी, बिल्डिंगचा ग्रुप. त्यांनी कौतुकाने दाबलं, 'वा वा' लिहिलं, संपलं. चौथ्या भागाला जे उरलेत ते तुमचे. शिवाय भागांची तुलना करायची तर दोघांनाही सारखे दिवस देऊन करा, भाग आल्यापासून पहिल्या सात दिवसांचे आकडे शेजारी ठेवून. जुन्या भागाला गोळा करायला जास्त शनिवार मिळालेत, आणि आपण त्याची कालच्या भागाशी कुस्ती लावतो.

आणि 143 लहान आकडा नाही हो. बझस्प्राउट हे होस्टिंग त्यांच्याकडे ठेवलेल्या पॉडकास्टांची आकडेवारी उघड ठेवतं. त्यात पहिल्या सात दिवसांत तीसेक डाउनलोड झाले तरी तो भाग वरच्या निम्म्यात जातो. जगात बहुतेक पॉडकास्ट इतकेच छोटे असतात, बोलत कोणी नाही.

आता मला एकच हवंय. स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर भागाच्या आत ऐकणारे कुठे गळतात त्याची रेघ दिसते. प्रत्येक भागाची ती कशी आहे ते लिहा. शिक्षणाच्या पॉडकास्टला माझ्या मते दोनच गोष्टी बघाव्या, कितीजण शेवटपर्यंत बसले आणि कितीजण पुढच्या शनिवारी परत आले.

वाडीतली_बाई

बाप रे, एवढं कोणी समजावलं नव्हतं. शॉर्ट तीन टाकलेत, भाच्याच्या आग्रहाने. ते काढले तर यूट्यूबच्या नऊशेतले दोनशेही उरत नाहीत, आणि तेही चार भागांचे मिळून. म्हणजे मंडळाला नऊशे सांगायचा मोह होत होता तो गेला.

रेघ बघितली. सगळ्या भागांत पहिल्या दीड मिनिटात रेघ धाडकन खाली येते, जवळजवळ पाव लोक जातात. मग सपाट. आजव्याच्या भागात सहाव्या मिनिटाला पुन्हा घसरते, तिथे मी क्षेत्रफळ, उंची, खर्च, 1892 मध्ये पाणी कसं सुरू झालं असं सगळं एका दमात सांगितलंय. वर्गात सांगते तेव्हा पोरं उठून जाऊ शकत नाहीत, एवढाच फरक!

ग्रंथालयाच्या भागात उलटं आहे. नवव्या मिनिटाला रेघ वर जाते. वर कशी जाईल? नवे लोक मधूनच कसे येतील? तिथे मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली काचेची जमीन सांगितलीय. पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेच्या फरशा आहेत, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावर पडतो. खालून वर चालणाऱ्यांच्या पायांच्या सावल्या दिसतात असं म्हटलंय.

आणखी एक. आमचे दीर भाग ऐकून झाला की फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. मिरजेपासून मिसिसॉगापर्यंत सगळ्या ग्रुपांत. लिंक टाका म्हटलं तर म्हणतात, लिंक कोण उघडतंय, फाइल दाबली की वाजते. त्यांचं मोजायचं कसं?

रावपुऱ्याचा_साउंडवाला

दिरांचं मोजता येत नाही. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की ती तुमच्या सर्व्हरकडे परत येत नाही, फोनातून फोनात फिरत राहते. पण त्यांना थांबवू नका! आपल्या लोकांत तोच सगळ्यांत मोठा रस्ता आहे. फाइलच्या नावात मालिकेचं नाव आणि भागाचा क्रमांक घाला, आणि भागाच्या शेवटी तोंडाने सांगा की पुढचा भाग कुठे मिळेल. लेखी लिंक फॉरवर्डमध्ये गळते, बोललेलं गळत नाही.

रेघ वर जाते म्हणजे लोक मागे येऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकतायत, किंवा कोणीतरी कोणालातरी 'हे ऐक' म्हणून नेमकं तिथेच आणून सोडलंय. काचेची जमीन! मी दोनदा गेलोय तिथे, पायाखाली बघायचं धाडस करावं लागतं. हा तुमचा सगळ्यांत मोलाचा आकडा आहे. पुढचा भाग लिहिताना शेजारी ठेवा. पोरांना धरणाची उंची नको होती, सावल्या हव्या होत्या.

पहिलं दीड मिनिट मी आत्ताच ऐकून आलो. चाळीस सेकंद शहनाई, मग स्वागत, मग तुमची ओळख, मग प्रायोजक नसल्याबद्दल आभार, मग मागच्या भागात काय झालं. नाकापेक्षा मोती जड. शहनाई आठ सेकंदांवर आणा आणि पहिल्याच वाक्यात बैल, नाहीतर काच, नाहीतर अमेरिकेहून आलेला साहेब येऊ द्या.

राजवाड्यामागची

इंदूरहून लिहितेय. मी मुलांच्या वाचनालयासाठी मराठी गोष्टींचे ऑडिओ करते, तुमच्याइतकं व्यवस्थित नाही. साउंडवाले दादा सांगतायत ते बरोबर, पण मुलं ऐकतात का याचं उत्तर मला कुठल्याच रेघेत मिळालं नाही. मी शेवटी एक प्रश्न विचारायला लागले, ज्याचं उत्तर भागाच्या मधेच कुठेतरी दडलेलं असतं. उत्तर लिहून नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवायचं. त्यासाठी वेगळा नंबर घेतला, घरचा देऊ नका, रात्री अकरालाही येतात.

त्या आवाजांत सगळं कळतं. मागे कुकरची शिट्टी असते, आजी हळूच उत्तर सांगत असते, एक मुलगा तर म्हणाला की 'मैं और दीदी दोनों ने सुना, लेकिन जवाब मेरा है.' एका फोनवर दोन श्रोते, नोंद एकाची. तुमच्या अ‍ॅपला हे कुठून कळणार!

उत्तरं थोडीच येतात, ऐकणाऱ्यांतली अगदी मोजकी. पण कोणत्या वयाची येतात ते कानाला लगेच कळतं. आणि हो, बक्षीस ठेवू नका. ठेवलंत की आयाच उत्तरं पाठवायला लागतात.

मकरपुऱ्याचे_आजोबा

मी वय वर्षे 74. माझ्यासारख्यांना तुम्ही लोक 'साठीच्या पुढचे' म्हणून एका खोक्यात टाकता, असो. मुलीने लिंक दिली, म्हणून ऐकतो. मी पूर्वी गुगलचं पॉडकास्टचं वेगळं अ‍ॅप वापरायचो, ते 2024 मध्ये बंद पडलं, तेव्हापासून यूट्यूबवर. त्यात एक त्रास आहे. फोनची स्क्रीन बंद केली की आवाज बंद. मुलगी म्हणते पैसे भरले तर चालू राहतो. पेन्शनीतून ते भरायचे नाहीत. मग कमाटीबागेत फिरताना फोन हातात धरून, स्क्रीन उघडी ठेवून चालावं लागतं. खिशात ठेवला की कुठेतरी अंगठा लागतो आणि तुम्ही मधेच गायब. तेव्हा तुमच्या रेघेत मी तिसऱ्या मिनिटाला उठून गेलेला दिसत असेन. मी उठलो नव्हतो, मला उठवलं.

शहनाईबद्दल साउंडवाल्यांशी असहमत. मला आवडते. पण 1862 हे साल तुम्ही दोनदा सांगितलंत ते एकदा पुरे.

रावपुऱ्याचा_साउंडवाला

आजोबा, तुम्ही लाखाचं बोललात. ताई, म्हणूनच यूट्यूबची सरासरी स्पॉटिफायपेक्षा कमी आली तर घाबरायचं नाही. भाग तोच, फक्त खिसा आडवा येतो. आणि आजोबांना स्पॉटिफायचं फुकटवालं अ‍ॅप लावून द्या कोणीतरी, त्यात स्क्रीन बंद करूनही पॉडकास्ट चालतो.

आता मंडळाचं. ताई, तुमच्याच भागात एक गोष्ट आहे. बोर्डन 1910 मध्ये आले, 1913 मध्ये गेले, पण खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवायची पद्धत मागे राहिली. पेटी गावात पोचली हा एक आकडा. पेटीतली पुस्तकं घरोघरी गेली हा दुसरा. वाचून परत आली हा तिसरा. तुमचे डाउनलोड म्हणजे पोचलेल्या पेट्या. कार्यकारिणीला हे उदाहरण थेट सांगा, त्यातले निम्मे तरी त्या ग्रंथालयाचे सभासद असतील.

मी असतो तर एका कागदावर असं लिहिलं असतं, आणि तेही वाक्यांत, तक्त्यात नाही. तक्ता दिसला की खजिनदार बेरीज करतात. पहिल्या सात दिवसांत भागाला साधारण इतके डाउनलोड, अ‍ॅशबर्न वगळून. स्पॉटिफायवर सुरू करणाऱ्यांपैकी इतके शेवटापर्यंत थांबतात. दर आठवड्याला परत येणारे साधारण इतके. वर्गात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकलेले यात नाहीत, त्यांचा अंदाज देत नाही. खाली मुलांच्या उत्तरांतली दोन-तीन, आवाजासकट, पालकांना विचारून. फोन टेबलावर ठेवा आणि वाजवा. माझा अनुभव असा की आवाज वाजला की आकड्यावरचा वाद थांबतो. आणि आकडा गोल करू नका. 143 ला दीडशे म्हणालात की पुढच्या वर्षी दोनशे दाखवावे लागतात.

एक सावधगिरी. आता नवरात्र येतंय. बडोद्यात नऊ रात्री कोण पॉडकास्ट ऐकणार, पोरं बारापर्यंत गरब्यात असतात. त्या पाठोपाठ शाळेच्या परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. हे महिने खाली जाणारच. मंडळाची बैठक दिवाळीनंतर असेल तर आत्ताचे आकडे काढून ठेवा, नाहीतर 'उतरती कळा' म्हणून फाइल मिटतील. उत्तरायणालाही तेच, त्या शनिवारी गच्चीवर पतंगाशिवाय काही नाही.

लीलो_चेवडो

म्हणजे अ‍ॅशबर्नच्या मोटेलवाल्याला वजा करायचं. वाईट वाटलं.

मी काल बायकोला आणि पोरीला गाडीत ऐकवलं, अलकापुरीच्या ट्रॅफिकमध्ये. तीन माणसं, एक फोन, ब्लूटूथ. लिहून घ्या.

वाडीतली_बाई

लिहून घेतलं!

शहनाई दहा सेकंदांवर आणली. आजोबा, तुमच्यासाठी शेवटी पूर्ण वाजवेन. ग्रंथालयाच्या भागाच्या शेवटी नवा प्रश्न जोडून फाइल पुन्हा चढवलीय, की काचेच्या जमिनीचा उपयोग काय होता. तीन आवाज आलेत. त्यातला एक सातवीतल्या मुलीचा, ती म्हणते, 'वीज वाचायची आणि पुस्तकं सापडायची, पण बाई, फ्रॉक घालून कोणी वर कसं जायचं?' यावर मी वर्गात काय उत्तर देऊ तेही कोणी सुचवा.

साउंडवाले दादा, शेवटचं एक. माझं होस्टिंग फुकटचं आहे, त्यात फार खोलात दिसत नाही. ओपीथ्री नावाचं मोफत काहीतरी आहे असं वाचलं. ते लावलं तर मागच्या भागांचे आकडे मिळतील का? आणि त्यात धोका काय?

रावपुऱ्याचा_साउंडवाला

मागचे मिळणार नाहीत. ओपीथ्री म्हणजे तुमच्या ऑडिओच्या पत्त्याआधी जोडायचा एक पुढचा तुकडा. मागणी आधी त्यांच्याकडून जाते, ते मोजतात आणि तुमच्या फाइलकडे पाठवतात. जोडल्या दिवसापासून पुढे जो कोणी जुना किंवा नवा भाग उतरवेल तो मोजला जाईल, त्याआधीचा नाही. स्पॉटिफायच्या अ‍ॅपमध्ये किती ऐकलं ते त्यांनाही दिसत नाही, म्हणून स्पॉटिफायचं पान वेगळंच बघत राहावं लागेल. धोका म्हणाल तर एकच, तिथले आकडे सगळ्या जगाला उघडे असतात. मंडळाचा खजिनदारही बघू शकेल. चालत असेल तर लावा. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये 'प्रीफिक्स' असा रकाना शोधा. तुमच्या फुकटच्या योजनेत तो रकाना नसेल तर लावता येणार नाही, मग आहे तेच बघा.

फ्रॉकचा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा. आजोबांना विचारा.